खंडेनवमीची सुपारी

माझं नाव किसन. समदे आप्पा म्हणतात. पोरगा आप्पा म्हणतो, सून आप्पा म्हणती, कंपनीत शेवटी शेवटी साहेब लोक बी आप्पाच म्हणायचे. गाव आमचं खेड तालुक्यात, पार डोंगराच्या पोटाला, चाकणवरनं यष्टी यायची ती दिवसातनं एकदा, आन् पावसाळ्यात तीबी तिच्या मर्जीनं. शाळा म्हणाल तर दुसरी. दुसरी बी पुरी न्हाई, कारण गुरुजी म्हणले किसन्या, पाढा म्हण, आन् म्या म्हणलं गुरुजी, पाढा येत न्हाई पण दाराची बिजागरी निखळलीया ती बसवून देतो. बसवून दिली. गुरुजी खूश झाले, पण पाढा काय त्यांनी सोडला न्हाई, मंग मीच शाळा सोडली. वाचता येतं मला, सावकाश. लिहिता बी येतं, पण अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत. ह्ये आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्या अक्षराचं काम हाय.

मिसरूड फुटायच्या आधी भोसरीला आलो, मामाच्या खोलीवर. मामा एका प्रेस शॉपात व्हता, त्यानं मला चिकटवलं. प्रेस शॉप म्हणजे काय, तर मोठमोठ्या मशीनी पत्र्यावर ठोका मारतात आन् गाडीचे भाग काढतात, दिवसभर धाड धाड धाड, घरी येऊन जेवायला बसलं तरी कानात धाड धाड चालूच. ह्ये डाव्या हाताचं बोट बघा. अर्धं हाय ना? बाकीचं अर्धं त्या मशीनीनं खाल्लं. पण म्या मशीनीवर राग धरला न्हाई, चूक माझी व्हती, म्या तिच्या तोंडात हात घातला व्हता. तवा मी चूक कबूल केली बरं का, लगेच केली. तरणा व्हतो तवा. म्हातारपणी चूक कबूल करायची म्हणजे काय आसतं, ते मला सत्तरीच्या पुढं कळलं, तुमी वही घेऊन आलाय तर तेच तुमाला सांगाय बसलोय.

बोट गेल्यावर मला मेंटेनन्सला टाकलं. म्हणजे मशीन बंद पडली का किसनला बोलवा. इंजिनेर साहेब यायचे, कागद उलगडायचे, नकाशा बघायचे, आन् मी आपला मशीनीच्या अंगाला कान लावून उभा. कान लावला का मला कळायचं. साहेब इथं बेअरिंग ओरडतंय. उघडलं का तिथंच निघायचं. गर्व न्हाई सांगत. बरं, गर्वच सांगतो, कशाला खोटं बोलू, गर्व व्हता मला आन् हाय बी. मशीन दुरुस्त झाली का एक रिवाज असायचा. आत काय राहिलं न्हाई ना, पाना, चिंधी, बोल्ट, ते बघायचं, हत्यारं पिशवीत मोजून घालायची, मंग मेंटेनन्सवाल्यानं मोठ्यानं म्हणायचं, मशीन ओके हाय, चालू करा. त्यानं म्हणल्याशिवाय ऑपरेटर बटणाला हात लावत न्हाई. मेंटेनन्सवाल्याचा शब्द म्हणजे शब्द. ह्ये बी ध्यानात ठेवा.

आन् आमचा सण म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिशी. तुमच्या लोकांची दिवाळी असंल, आमच्या ह्या पट्ट्यातल्या माणसाची खंडेनवमी. त्या दिशी मशीनी बंद. सकाळपासनं धुवायच्या, पुसायच्या, तेलपाणी करायचं, वर्षाचा चिकटा काढायचा, आन् मंग हळदीकुंकू, अक्षता, झेंडूचा हार, पान, पानावर सुपारी, सुपारीशेजारी नाणं. नारळ फोडायचा. मालक स्वतः पाया पडायचा मशीनीच्या. ज्या मशीनीनं माझं बोट खाल्लं तिचा हार दरवर्षी मीच करायचो, दुसऱ्याला हात लावू देत नव्हतो.

तर वॉशिंग मशीनचं म्हणाल, ती आमच्या मंडळीची. मंडळी म्हणजे माझी बायको, हौसा. तिनं तीस-पस्तीस वरसं माझे तेलाचे कपडे धुतले. प्रेस शॉपाचं तेल काय साधं नसतं, ते कपड्यात घुसलं का कातडीत घुसल्यावानी, सोडा टाका, चुना टाका, निघत न्हाई. तळवड्यात आमी ही जागा घेतली तवा मागं मोठा दगड व्हता, त्या दगडावर तिनं माझी खाकी आपटून आपटून तो दगड गुळगुळीत केला आन् तिच्या हाताची साल गेली. म्या एकदा बी म्हणलो न्हाई का तुझे हात दुखत असतील. आमच्यात म्हणायची पद्धत न्हाई. पण मनात व्हतं. म्हणून रिटायर झालो आन् पैसं हातात आलं तवा पहिलं काम ते केलं, दोन तोंडाची मशीन आणली, एका अंगाला धुवायचं, दुसऱ्या अंगाला पिळायचं. टेम्पोतनं उतरवली तर मंडळी म्हणती, आत्ता आणली व्हय? आता तेलाचे कपडे कुठं राहिलेत? खरंच की. कपडे तेलकट व्हायचे बंद झाले आन् मंग मशीन आली. असा मी. पण तिनं त्या दिशी मशीनीवर हात फिरवला, गाईच्या पाठीवरनं फिरवावा तसा, म्या बघितला.

ती मशीन आता लई जुनी झाली. झाकणाची बिजागरी गेली व्हती, म्या खिडकीची बसवली. पाय मोडला, लाकडाचा ठोकळा लावला. पोरगा, संतोष, दर दिवाळीला म्हणायचा आप्पा, ही द्या आता, बदलून नवीन घेऊ, बटण दाबलं का समदं आपोआप. म्या म्हणायचो तुझा बाप बी जुना झालाय, त्याला बी दे बदलून.

सून आमची अर्चना. लातूरकडची. चाकणला एका कंपनीत हाय, गाडीचे भाग बनतात ते तपासायचं तिचं काम. पहिली शिफ्ट असली का पहाटे बस येती, निळा ड्रेस घालून, डब्याची पिशवी घेऊन चालली. हुशार हाय. बोलती कमी. पण माझं आन् तिचं एका गोष्टीवरनं नेहमी चालायचं. तिच्या कंपनीत एक पद्धत हाय, काय बी बिघडलं का पाच वेळा का विचारायचं. कागदावर लिहायचं. एका दिशी जेवताना तिनं समजावलं मला. आप्पा, समजा जमिनीवर तेल सांडलंय. का सांडलं? पाइप गळायलाय. का गळायलाय? वायसर गेलंय. वायसर का गेलं? हलकं आणलं व्हतं. असं विचारत विचारत गेलं का पाचव्या का-पाशी खरं कारण बसलेलं असतं. आन् आप्पा, तोपर्यंत कुणाचं नाव घ्यायचं न्हाई, माणसाला धरायचं न्हाई, कारणाला धरायचं.

म्या काय म्हणलो? म्या म्हणलो, आमच्या वेळी फोरमनला एकदा का विचारलं तर कानाखाली आवाज यायचा, पाचव्यांदा विचाराय माणूस शुद्धीवर राहत नव्हता. समदे हसले. ती बी हसली. पण मंग म्या पुढं बोललो का, कागदावर मशीन दुरुस्त होत न्हाई पोरी, मशीनीला कान लावावा लागतो. त्याला ती हसली न्हाई.

आता मूळ गोष्टीवर येतो. रिटायर झाल्यावर खंडेनवमीला माझ्याकडं मशीनच न्हाई राहिली. पहिल्या वर्षी सायकलची पूजा केली, मन भरंना. मंग म्या म्हणलं घरात मशीन हाय की! तवापासनं वॉशिंग मशीनची पूजा, आन् साधी न्हाई, कंपनीसारखी. पुसायची, तेल द्यायचं, हार घालायचा, झाकणावर पान, पानावर सुपारी, शेजारी नाणं. शेजारचे हसायचे. हसू द्या.

तर त्या वर्षी बी केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी हार काढताना झाकण उचललं गेलं, दोरा तुटला, फुलं पडली इकडंतिकडं, काय खाली, काय मशीनीत. म्या वाकून वरवर गोळा केली. तेवढ्यात अर्चना कपड्यांची बादली घेऊन आली. म्हणली, आप्पा, समदं काढलं का? म्या म्हणलो काढलं. तिनं आत वाकून बघितलं. म्हणली, आप्पा, नाणं ह्या ताटात हाय, सुपारी कुठंय? आता बघा, मला सुपारी दिसली नव्हती. पण चाळीस वरसं ज्यानं मशीनी चालू करून दिल्या त्याला काल आलेली पोरगी विचारती सुपारी कुठंय. म्या छाती काढून म्हणलो, सगळं काढलंय, मशीन ओके हाय, चालू कर. तिनं चालू केली. ऐकायचंच माझं, काय करणार.

मशीन चालली. महिना गेला, वर चार दिस गेले असतील. मधी मधी आतनं खट खट आवाज यायचा, म्या कान लावला, म्हणलं म्हातारी झाली, गुडघे वाजतात. असा माझा कान! मंग एका रविवारी विहीणबाई आलेल्या, अर्चनाची आई, लातूरवरनं, चार दिवस राहायला. अर्चनानं मशीन लावली आन् आतनं नुसता घूं आवाज, फिरंना काय, रबर जळल्याचा वास सुटला, आन् खालनं पाणी ठिपकाय लागलं. मी धावत गेलो, लाइटीची पिन उपटली. आन् मंग माझ्या तोंडातनं जे निघालं ते निघालं. म्हणलो, जीनच्या प्यांटी, चादरी एकदमच कोंबती, ड्रेसच्या खिशातल्या पिना टाचण्या बघत न्हाई, मशीन माणसावानी असती, जनावरासारखी राबवली का मरती, कंपनीत तपासणी करती आन् घरात डोळे झाकून. विहीणबाई चहाची कपबशी धरून दारात उभ्या. त्यांच्या देखत बोललो मी ह्ये. मंडळीनं मला डोळ्यानं खुणावलं, पण म्हैस पाण्यात शिरली का माघारी फिरती व्हय?

अर्चना एवढंच म्हणली, आप्पा, अजून उघडली बी न्हाई तुमी.

बस. ओले कपडे बाहेर काढले, बादलीत घातले, गेली. विहीणबाई दुसऱ्या दिशीच निघाल्या, काम हाय म्हणल्या. आन् त्या दिवसापासनं अर्चना आपला ड्रेस हातानं धुवाय लागली. पहाटे बस यायच्या आधी मोरीत ब्रशचा आवाज, खसर खसर. मंडळी म्हणली ठेव, मी धुते. न्हाई आई, माझं मी करते. माझ्याशी बोलणं चालू व्हतं, आप्पा चहा, आप्पा जेवाय या, पण ते बोलणं म्हणजे कसं, नळ चालू हाय पण पाणी न्हाई.

संतोष म्हणला शनवारी नवीन आणतो, जुनी दुकानवाले घेऊन जातील. म्या म्हणलो शनवारपर्यंत हात लावायचा न्हाई कुणी. मीच दुरुस्त करणार. आन् तोपर्यंत घरातले कपडे मीच धुणार. हसला तो. पण म्या धुतले, त्या मंडळीच्या दगडावर बसून धुतले. पहिल्या दिशी कंबर धरली, दुसऱ्या दिशी तळहात सोलले. मंडळी ओट्यावर बसून बघत व्हती. म्हणली, कॉलर राहिली. आन् वर म्हणली, तीस वरसं.

सोमवारपासनं मी मशीनीला लागलो. पिन काढलेली व्हतीच. नळी खाली सोडून पाणी काढलं, मशीन भिंतीपासनं वढली, पाठीमागचा पत्रा खोलला. आत बघतो तर पट्टा ओला, काळा भुगा पडलेला. जळका वास त्याचाच. मोटर हातानं फिरवली, फिरती. म्हणजे मोटर जिवंत हाय, मेलेलं दुसरंच काय. वरची पुली फिरवली तर अडकलीया. म्हणजे आजार वरच्या अंगाला, त्या तळातल्या चकतीपाशी, जी कपडे घुसळती. त्या चकतीच्या मधोमध एक स्क्रू, तो असा गंजलेला का स्क्रू ड्रायव्हर लावला का नुसता घसरतो. घाई केली असती तर डोकं गेलं असतं स्क्रूचं, मंग संपलं. शेजारच्या टेम्पोवाल्याकडनं वाटीभर डिझेल आणलं, स्क्रूवर घातलं आन् म्हणलं पी बाबा, उद्या बोलू. जुन्या गंजाला जोर दाखवायचा नसतो, त्याला भिजू द्यायचं असतं. ह्ये मला मशीनीचं कळतं. माणसाचं कळाय उशीर लागला.

मंगळवारी हलक्या हातोडीनं चार टिचक्या मारल्या आन् स्क्रू सुटला. पण चकती निघंना. दांड्यावर घट्ट बसलेली. मंडळी म्हणली थांबा, आन् कपाटातनं तारेचे दोन हँगर घेऊन आली. म्या त्यांचे आकडे केले, चकतीच्या भोकांतनं खाली घातले, एक तिच्या हातात, एक माझ्या. साबणाचं पाणी सोडलं कडेनं. म्हणलं हौसा, वढ. तिनं वढलं, म्या वढलं, एक दोन तीन, चकती सुटली आन् मी पाठीवर पडलो, ती भिंतीला टेकली आन् अशी हसाय लागली का मला बी हसू आवरंना. दोघं मोरीत बसून हसतोय. लग्नानंतर एवढं हसली असंल का न्हाई कुणास ठाऊक.

मंग आत बघितलं. काळा चिखल, केस, एक बटण, आन् एक केसाची पिन! म्या पिन उचलली, डोळ्यापुढं धरली, म्हणलं बघ, बघ सुनेचा प्रताप! मंडळीनं पिन हातात घेतली, पदरानं पुसली, आन् आपल्या अंबाड्यात खोवली. म्हणली, माझी हाय. दोन वरसं हुडकतीया.

म्या चिखल धुतला. तांब्यानं पाणी घातलं, फडक्यानं पुसलं. तर कडेच्या खाचेत एक गोल काळं काहीतरी रुतलेलं. माझं हे अर्धं बोट तिथं बरोबर गेलं, आख्खं असतं तर गेलं नसतं. उकरून काढलं. सुपारी. एवढे दिवस पाण्यात फिरून बी एका बाजूला कुंकवाची लाली शिल्लक. आन् मधल्या दांड्याला दोरा, घट्ट, वीस-पंचवीस वेढे, हाराचा दोरा, मधी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. त्या दोऱ्यानं खालचं रबराचं सील कापलं व्हतं, कापल्या सीलातनं पाणी खाली, पाणी पट्ट्यावर, पट्टा घसरून घसरून जळाला. आन् शेवटी सुपारीनं चकतीच जाम केली. समदं माझ्यापुढं उघडं, जसं मढं उघडं असावं.

मी मंडळीकडं बघितलं न्हाई. ती माझ्याकडं बघत व्हती ते कळत व्हतं. ती म्हणली, सुपारी मी टाकत न्हाई, पूजेची हाय. तुमी सांगाल तिथं ठेवते. मी फडकं पिळाय लागलो. तिनं खिडकीत ठेवली.

सील आन् पट्टा आणाय रशीदभाईकडं गेलो. चिखलीच्या रस्त्याला त्याचं जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान, माझा कंपनीतल्या दिवसांपासनंचा दोस्त. त्यानं जुनं सील उजेडात धरलं, म्हणला, किसनभाऊ, ये घिसा नहीं है, कापलंय. धागा था क्या अंदर? म्या म्हणलो असंल कायतरी, बायकांचं. बोलून गेलो आन् जीभ चावली. रशीदभाई हसला, म्हणला, तुमच्या खंडेनवमीनंतर मेरे पास हर साल ऐसे दो-तीन आते हैं. भावा, देवाला फूल द्यावं, दोरा घरी ठेवावा. मला असं झालं का दुकानाची पायरी उतरावी आन् जमिनीत जावं. सील, पट्टा घेतला, त्यानं वर चहा पाजला, तो चहा मला कडू लागला.

बुधवारी पॉलिश पेपरनं दांडा घासून चकचकीत केला, सील बसवलं, ग्रीस लावलं, चकती घातली, स्क्रू आवळला, पट्टा चढवला, बोटानं दाबून ताण बघितला. मंग खाली वाकून समदी हत्यारं मोजून पिशवीत घातली. पाणी भरलं, पिन लावली, बटण फिरवलं. फिरली! घरर घरर, इकडनं तिकडं, तिकडनं इकडं, पाण्याचा एक थेंब खाली न्हाई. काय सांगू तुमाला, नातू झाल्यावानी वाटलं. संध्याकाळी संतोष आला, म्हणला आप्पा, मानलं राव तुमाला! काय झालं व्हतं? आन् अर्चना तिथंच, डबा धुवाय लागली व्हती, तिचा हात थांबला.

म्या म्हणलो, सील गेलं व्हतं.

तिचा हात परत चालू झाला. का गेलं, तिनं विचारलं न्हाई. तेच टोचत राहिलं बघा. तिनं विचारलं असतं तर म्या भांडलो असतो, आवाज चढवला असता, पण ती विचारतच न्हाई. आन् गुरुवारी सकाळी मोरीत परत ब्रशचा आवाज, खसर खसर. मशीन शेजारी उभी, चांगली धडधाकट, आन् ही हातानं धुतीया. म्हणजे काय? म्हणजे मशीन दुरुस्त झालीच न्हाई. चाळीस वरसं मशीनी दुरुस्त केल्या, एवढं कळतं मला का जिच्यासाठी मशीन हाय ती वापरत न्हाई तर ती बंदच.

ती बसला गेली. संतोष गेला. म्या मंडळीला म्हणलं कागद दे. तिनं पिठाच्या गिरणीचं कॅलेंडर व्हतं त्याचं जुनं पान फाडून दिलं, आन् पेन. आन् मी बसलो लिहाय. एक पान लिहाय मला दुपार झाली. दोनदा कागद फाटला. चौथ्या का-पर्यंत हात बरा चालला, पाचव्याला चालंना. पेन ठेवलं, पाणी प्यायलो, अंगणात जाऊन आलो, परत बसलो. मंडळी तांदूळ निवडत व्हती, ती मान वर करंना, पण तेच तेच तांदूळ परत परत निवडत व्हती. शेवटी जे लिहिलं ते तोंडपाठ हाय, सांगतो.

मशीन का बंद पडली? पट्टा जळाला.
पट्टा का जळाला? पाणी आलं.
पाणी का आलं? सील कापलं.
सील का कापलं? हाराचा दोरा आन् सुपारी आत गेली.
दोरा सुपारी का गेली? सुनेनं विचारलं व्हतं सुपारी कुठं हाय. म्या न बघता मशीन ओके म्हणलं. किसन.

खाली सही केली. कंपनीत खराब भाग निघाला का त्याला लाल कागद बांधून समद्यांना दिसंल असा ठेवतात. तशी म्या ती सुपारी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, मंडळीची लाल टिकलीची डबी व्हती त्यातली एक मोठी टिकली वर चिकटवली, आन् कागद आन् पिशवी दोन्ही मशीनीच्या झाकणाला टेपनं लावले. आन् मंग मी देवळात जाऊन बसलो. भ्यालो, दुसरं काय. प्रेसच्या तोंडात हात घालताना भ्यालो नव्हतो.

दिवेलागणीच्या आधी घरी आलो. ती आली व्हती. निळा ड्रेस अंगावरच, मशीनीपुढं उभी. मला बघितलं. खिशातनं पेन काढलं, कंपनीचं, आन् म्हणली, आप्पा, फॉर्म अर्धाच भरलाय.  म्हणलं काय राहिलं? म्हणली, कारण लिहिलंय, उपाय लिहिला न्हाई. उपायाशिवाय आमचे साहेब फॉर्म घेत नसतेत. आन् वाकून माझ्या अक्षराखाली तिनं लिहिलं, मोत्यावानी अक्षर. उपाय, पूजेचं सामान आधी आन् नंतर मोजायचं. जबाबदार, आप्पा. तपासणी, अर्चना. आन् कोपऱ्यात ओके लिहून गोल केला.

मंग म्हणली, आप्पा, पाचवा का लिहायला लई जड गेलं का? म्या म्हणलो, बाई, प्रेस चारशे टनाची असती, ती बी हलकी वाटली. तवा ती हसली. मंडळीकडं बघून म्हणली, आई, ह्ये अक्षर वाचाय मला जास्त येळ लागला, राग जायला कमी. आन् ती आत जाऊन अंगावरचा निळा ड्रेस बदलून आली, त्याचे खिसे उलटे करून मला दाखवले, हे बघा, पिन न्हाई टाचणी न्हाई, आन् मशीनीत टाकला. बटणाला हात लावला आन् थांबली. माझ्याकडं बघत उभी. मला कळंना काय. मंडळी म्हणली, अहो, ती वाट बघतीया, म्हणा की.

म्या आधी आत वाकून बघितलं. नीट बघितलं. तळापर्यंत हात घातला, फिरवला. मंग म्हणलो, मशीन ओके हाय, चालू कर.

त्याच दिशी विहीणबाईंना फोन लावला. म्हणलं ताई, तुमच्या पोरीची चूक नव्हती, माझी सुपारी व्हती. त्यांना काय समजलंच न्हाई, कसली सुपारी म्हणल्या. समदं पहिल्यापासनं सांगावं लागलं, एवढं मोठ्यानं का शेजारच्या खोल्यांना बी समजलं. समजू दे. बोललो बी त्यांच्या देखत, निस्तरलं बी तसंच.

तो कागद अजून तिथंच हाय. मंडळीनं त्यावर प्लास्टिक चिकटवलं, भिजू नये म्हणून. पाहुणे येतात, वाचतात, मला विचारतात आप्पा ह्ये काय, म्या म्हणतो वाचा, दुसरी शिकलेल्या माणसाचं अक्षर हाय, आख्खं आयुष्य लागलं लिहाय. संतोष नवीन मशीनचं आता काढत न्हाई. मंडळी तर कपडे नसले तरी मधीच एकदा पुसून घेती तिला, गाईवानी.

परवाच्या खंडेनवमीला पूजा केली. दोऱ्याचा हार न्हाई, सुटी फुलं. पान एक, सुपारी एक, नाणं एक, फुलं अकरा. अर्चनानं मांडताना मोजली, दुसऱ्या दिशी काढताना मोजली, आन् मला म्हणली आप्पा, फुलं दहाच भरायलीत.  वाकलो, झाकण उघडलं, हात घातला, न्हाई. मागं बघितलं, न्हाई. ठोकळ्याखाली बघितलं, न्हाई. उठलो तर ह्या दोघी तोंडाला पदर लावून हसतात, अकरावं फूल मंडळीच्या अंबाड्यात, त्या पिनंशेजारी.

असं हाय बघा आमचं. मशीन चालतीया, माझे बी गुडघे वाजतात पण चालतोय. तुमी लिहून घेतलं समदं? वाचून दाखवा एकदा. आन् काय राहिलं असंल तर विचारा, का विचारलं तर आता मला राग येत न्हाई, पाच वेळा विचारा. सुखी राहा. चहा घेऊन जा, अर्चनाची शिफ्ट सुटलीया, तीच करंल, आन् साखर किती ते तीच मोजंल.